इतकी माणसं, इतके धागे: ‘हीरोज’ बघणाऱ्यांचे प्रश्न

मागच्या अंकात एकांनी विचारलं होतं की सुपरपॉवरवाल्या मालिका बघायच्या तर सुरुवात कुठून करू, तेव्हा मी ‘हीरोज’ सुचवली होती. अमेरिकेतल्या एनबीसी चॅनलवर २००६ ते २०१० चाललेली, टिम क्रिंग यांनी तयार केलेली. त्यावर बरीच पत्रं आली आणि बहुतेकांचं म्हणणं एकच, ताई मालिका छान आहे पण डोक्यात मावत नाहीये. म्हणून यावेळचा पूर्ण कॉलम त्यालाच दिलाय. ज्यांचा पहिला सीझन व्हायचाय त्यांच्यासाठी प्रश्न क्रमाने लावलेत, पुढचं फोडायची वेळ आली की आधी सांगेन.

प्रश्न: ताई नमस्कार. मी आणि माझा मुलगा (इंजिनिअरिंगला आहे) रोज जेवणं झाली की एक भाग बघतो. चौथ्या भागापर्यंत आलोय पण मला अजून कोण कुठला तेच लक्षात राहत नाही. मुलगा म्हणतो आई तू नुसती बघत राहा, आपोआप कळेल. मला असं अर्धवट बघायला आवडत नाही हो. काही युक्ती आहे का? – एक वाचक, सोलापूर

नुसतं बघत राहून ही मालिका कळत नाही, त्यामुळे तुमचंच बरोबर आहे. एक वही घ्या. पण त्यात पॉवर लिहू नका. सगळे तेच करतात, हा उडतो, तिच्या जखमा भरतात, त्याला दुसऱ्याच्या मनातलं ऐकू येतं अशी यादी करतात आणि दहाव्या भागात अडकतात, कारण पॉवर हीच या मालिकेतली सगळ्यात बेभरवशाची गोष्ट आहे. तुम्ही शहर लिहा आणि त्याच्यापुढे त्या माणसाला काय हवंय ते लिहा.

म्हणजे बघा, न्यूयॉर्क. तिथे पेट्रेली भाऊ. मोठा नेथन निवडणुकीला उभा आहे, त्याला उडता येतं आणि नेमकं तेच त्याला लपवायचंय कारण मतदार काय म्हणतील. धाकटा पीटर नर्स आहे, आजारी माणसांची सेवा करणारा, त्याला काहीतरी मोठं करून दाखवायचंय पण काय ते माहीत नाही. तिथेच आयझॅक मेंडेझ, चित्रकार, नशेत गेला की भविष्यातली चित्रं काढतो आणि त्याला या सगळ्यातून सुटका हवीय. तिथेच चेन्नईहून आलेला मोहिंदर सुरेश, त्याला वडिलांचा खून कोणी केला ते शोधायचंय. मग टोकियो, तिथे ऑफिसातला कारकून हिरो नाकामुरा आणि त्याचा मित्र आंडो. हिरोला हीरो व्हायचंय, बाकी सगळे पॉवर मिळाली म्हणून रडतायत आणि हा एकटा आनंदाने ओरडतोय. टेक्सासमधलं ओडेसा, तिथे शाळेत शिकणारी चिअरलीडर क्लेअर, तिला फक्त चारचौघींसारखं व्हायचंय. लॉस एंजलिसला पोलीस मॅट पार्कमन, वाचनाचा त्रास असल्यामुळे डिटेक्टिव्हची परीक्षा सारखी नापास होतो, त्याला ते प्रमोशन हवंय. लास व्हेगासला निकी, तिला कर्जातून सुटून मुलाला, मायकाला, सुखरूप ठेवायचंय.

इतकंच. हे एका पानावर मावतं. आता रोजचा भाग संपला की फक्त एक ओळ लिहायची, आज कोण कोणाला पहिल्यांदा भेटलं. पहिल्याच भागात पीटर मोहिंदरच्या टॅक्सीत बसतो, आठवतंय का? दोघांना पत्ताही नसतो की पुढे आपला एकमेकांशी काय संबंध येणार आहे. नेथन आणि निकी व्हेगासला भेटले ते तुम्ही चौथ्या भागात बघितलंच असेल. पुढच्या भागात हिरो आणि नेथन एका हॉटेलात समोरासमोर येतात आणि हिरो त्याला उडणारा माणूस म्हणून हाक मारतो, तो सीन मुलासोबत नक्की बघा. पहिल्या सीझनचा खरा खेळ हाच आहे की हजारो मैलांवरची माणसं एकेक करून एकमेकांच्या वाटेत येतात आणि सगळ्या वाटा एकाच शहराकडे, एकाच तारखेकडे जातात. न्यूयॉर्क, ८ नोव्हेंबर. हिरो दुसऱ्या भागात चुकून पाच आठवडे पुढे जातो आणि त्याला तिथे काय दिसतं ते तुम्हाला माहीतच आहे. ती तारीख वहीच्या पहिल्या पानावर मोठी लिहून ठेवा.

प्रश्न: तो चष्मेवाला माणूस चांगला की वाईट? नवरा म्हणतो वाईट, मी म्हणते चांगला. पैज लागलीये. – एक वाचक, इचलकरंजी

पैजेचा निकाल सतराव्या भागात लागेल, आत्ता मी काही सांगणार नाही. एवढंच सांगते की तो भाग बघताना फोन बाजूला ठेवा. त्या भागात दहा ठिकाणची दहा टोकं नाहीत, मुख्यतः क्लेअरच्या बेनेट कुटुंबाचं घर, घरात घुसलेले दोघं, आणि मधेमधे ब्लॅक अँड व्हाइटमध्ये त्याचा भूतकाळ. ब्रायन फुलर यांनी लिहिलेला भाग आहे आणि माझ्या मते अख्ख्या मालिकेतला सगळ्यात चांगला. सुरुवातीला हे पात्र छोटंच होतं, त्याला नाव पण नव्हतं, लोक त्याला चष्म्यावरूनच ओळखायचे. पण जॅक कोलमन या नटाने ते असं काही केलं की त्याच सीझनमध्ये त्याला मुख्य कलाकारांमध्ये घेतलं गेलं. कागदाच्या कंपनीत काम करणारा मध्यमवयीन बाप, हातात ना पॉवर ना काही, आणि तरी सगळ्या पॉवरवाल्यांना पुरून उरतो!

प्रश्न: मला टाइम ट्रॅव्हल अजिबात कळला नाही. भविष्यातला हिरो ट्रेनमध्ये येऊन पीटरला सांगतो की चिअरलीडरला वाचव म्हणजे जग वाचेल. पण एक मुलगी वाचल्याने शहर कसं वाचणार? आणि जर शहर वाचलं तर मग तो भविष्यातला हिरो आला कुठून? – एक कॉलेजवयीन वाचक, नाशिक

(ज्यांचा पहिला सीझन व्हायचाय त्यांनी हे उत्तर आणि पुढचं उत्तर सोडून द्या, पूर्ण झाल्यावर वाचा.)

तुझे दोन प्रश्न आहेत, पहिल्याचं उत्तर अगदी सरळ आहे आणि मालिकेत दिलेलं पण आहे, फक्त घाईत निसटून जातं. भविष्यातल्या हिरोने खलनायक सायलरला तलवार मारलेली असते पण सायलर मरत नाही, जखम भरून येते. का? कारण त्याने तोपर्यंत क्लेअरला मारून तिची पॉवर घेतलेली असते. म्हणजे क्लेअर वाचली तर सायलरला ती पॉवर मिळत नाही, मिळाली नाही तर तो मरू शकतो, आणि तो मेला तर न्यूयॉर्क उडवणारा तो स्फोट होणार नाही असा हिरोचा हिशोब. आता त्यातली गंमत अशी की हिशोब बरोबर पण माहिती चुकीची! विसाव्या भागात, पाच वर्षांनंतरचं जग दाखवलंय तिथे, कळतं की स्फोट सायलरने केलाच नव्हता, तो पीटर होता, जगाला खोटं सांगितलं गेलं. म्हणजे ज्याला निरोप दिला तोच बॉम्ब. मला हे वळण फार आवडतं कारण आधीचं काहीही खोटं न ठरवता ते सगळ्याचा अर्थ फिरवतं.

दुसऱ्या प्रश्नाचं पक्कं उत्तर मालिका देत नाही. भविष्य बदललं की तिथून आलेला माणूस आला कुठून याचं गणित कुठल्याच टाइम ट्रॅव्हलच्या गोष्टीत पूर्ण सुटत नाही, इथेही नाही. विसाव्या भागात आयझॅकच्या स्टुडिओत भविष्यातल्या हिरोने दोऱ्या बांधून केलेला एक भलामोठा नकाशा आहे, फोटो आणि बातम्यांची कात्रणं लटकवलेली, कुठली घटना कुठे दुसरीला छेद देते ते दाखवणारा. तिथे पॉज करून बघ. मालिकेतल्या माणसालाच आपली गोष्ट कळायला दोऱ्या बांधाव्या लागल्या, मग तू वही केलीस तर काय बिघडलं.

पण गणितापेक्षा मी तुला दहावा भाग परत बघायला सांगेन. हिरो टेक्सासमधल्या हॉटेलातल्या चार्लीला वाचवायला मागे जातो, एक दिवस मागे जायचं तर सहा महिने मागे पोचतो, तिच्या प्रेमात पडतो, आणि तेव्हा कळतं की सायलरने मारलं नसतं तरी तिच्या मेंदूतल्या रक्ताच्या गाठीने ती जाणारच होती. हिरोला वेळ थांबवता येतो, पण तिच्या बाबतीत त्याचा काहीही उपयोग होत नाही. टाइम ट्रॅव्हलचे नियम डोक्यात बसले नाहीत तरी चालेल, हे बसलं पाहिजे.

प्रश्न: पीटर आणि सायलर दोघंही दुसऱ्यांच्या पॉवर घेतात, मग फरक काय? आमच्या ग्रुपमध्ये यावर रोज वाद. – एक वाचक, पुणे

घेण्याची पद्धत पूर्ण वेगळी आहे आणि दोघांचे स्वभाव त्या पद्धतीतूनच कळतात. पीटर नुसता जवळ असला तरी समोरच्याची पॉवर त्याच्यात येते, कारण त्याला दुसऱ्याचं दुःख आपलं वाटतं, नर्स उगाच नाही केलाय त्याला. सायलर मुळात गॅब्रिएल ग्रे नावाचा घड्याळं दुरुस्त करणारा, त्याची पॉवर म्हणजे कुठलीही वस्तू कशी चालते ते त्याला बघताक्षणी कळतं, आणि माणसाचा मेंदूही तो घड्याळासारखाच उघडून बघतो. पहिले काही भाग तो फक्त सावलीसारखा दिसतो, नीट चेहरा आणि मागची गोष्ट दहाव्या भागात, आणि मग झॅकरी क्विंटो हा नट असा काही व्यापून टाकतो की पुढे लेखकांना त्याला मारवेना.

आणि इथेच मालिकेची पुढची अडचण सुरू झाली असं माझं ठाम मत आहे. पीटरला सगळ्यांच्या पॉवर मिळाल्या तर तो कुठलंही संकट पाच मिनिटांत संपवेल, मग गोष्ट चालणार कशी? म्हणून दुसऱ्या सीझनमध्ये त्याची स्मृतीच घालवली, आयर्लंडमध्ये एका कंटेनरमध्ये सापडतो तो. तिसऱ्यात बापाने येऊन सगळ्या पॉवर काढून घेतल्या. मग परत दिल्या पण एका वेळी एकच, आणि ती पण समोरच्याला हात लावून. सायलर पण कधी खलनायक, कधी पश्चात्ताप, कधी परत खलनायक, आणि मधे तर तोही पीटरसारखा न मारता पॉवर घ्यायला शिकतो. तुमच्या ग्रुपमधल्या वादाचं मूळ इथे आहे, प्रत्येक जण वेगळ्या सीझनचा नियम धरून भांडतोय. पहिल्या सीझनपुरतं बोलायचं असं ठरवून घ्या, बघा वाद मिटतो का.

प्रश्न: आम्ही मराठी पण दोन पिढ्या चेन्नईत. मोहिंदर चेन्नईचा म्हणून उत्साहाने बघायला घेतली. तिथली दृश्यं आणि त्याचे उच्चार ऐकून जरा निराशा झाली. तुमचं मत? – एक वाचक, चेन्नई

दृश्यांबद्दल तुमचं खरं आहे, मालिकेचं बहुतेक शूटिंग लॉस एंजलिस आणि आसपास झालं, टोकियो असो की चेन्नई, बरंचसं सेट आणि कॉम्प्युटरवर तयार केलेलं आहे. मोहिंदर करणारा सेंधिल राममूर्ती अमेरिकेतच जन्मलेला आणि टेक्सासमध्ये वाढलेला, त्यामुळे तो उच्चार ठरवून घडवलेला आहे. पण २००६ साली अमेरिकेतल्या एवढ्या मोठ्या मालिकेत भारतीय प्राध्यापक मुख्य पात्र असणं, तेही विनोदासाठी न ठेवता, आणि अख्ख्या गोष्टीची सुरुवात त्याच्या आवाजातल्या निवेदनाने होणं हे मला फार मोठं वाटतं. त्याचे वडील चंद्रा सुरेश, जनुकांचा अभ्यास करणारे, सगळे वेडे म्हणत असताना न्यूयॉर्कला जाऊन टॅक्सी चालवतात आणि पॉवर असलेल्या माणसांची यादी करतात. सगळे धागे जोडणारी वस्तू कुठली म्हणाल तर ती यादी.

आठव्या भागात मोहिंदर वडिलांच्या अस्थी घेऊन घरी येतो आणि स्वप्नात येणाऱ्या मुलाला भेटतो तो भाग शांतपणे बघा, उच्चार विसराल. शांती नावाची त्याची बहीण लहानपणीच गेलेली असते, तिचा धागा दुसऱ्या सीझनपर्यंत जातो, तिथल्या साथीच्या विषाणूला नावच तिचं आहे. पुढे मात्र त्याच्यावर अन्याय झाला. तिसऱ्या सीझनमध्ये स्वतःला इंजेक्शन टोचून घेऊन अंगावर खवले येतात वगैरे जे काही केलंय ते त्या शहाण्या, जिज्ञासू माणसाला अजिबात शोभत नाही.

आणि हो, एक गोष्ट तुम्हाला चेन्नईकर म्हणून आवडेल. मालिकेच्या पार्श्वसंगीतात मधेमधे तो जो आर्त आलाप ऐकू येतो ना, तो शंकर यांचा, कर्नाटक संगीताच्या घराण्यातले आपले व्हायोलिनवादक एल. शंकर. संगीत वेंडी आणि लिसा या जोडीचं, पण तो आवाज आपल्याकडचा.

प्रश्न: दुसरा सीझन अचानक संपला असं वाटलं. आणि ती आयरिश मुलगी केटलिन, तिला पीटर भविष्यात नेतो आणि ती तिथेच राहते, मग तिचं काय झालं? पुढे कुठल्या भागात आहे सांगा ना, मी तिसरा सीझन फक्त तिच्यासाठी बघतेय. – एक वाचक, पणजी

तिच्यासाठी तिसरा सीझन बघू नका. ती परत येत नाही, तिचं काय झालं हे मालिका कधीच सांगत नाही. पीटरने ते रोगराईचं भविष्य घडूच दिलं नाही, म्हणजे ती ज्या जगात अडकली ते जगच पुसलं गेलं, आणि ज्या माणसाने तिला तिथे नेलं तो पुढे तिचं नावही धड काढत नाही. मला याचा अजून राग येतो. धागा सुटतो हे एक वेळ समजू शकतं, पण पीटरसारखा हळवा माणूस विसरतो हे पटत नाही, एका वाक्यात जरी त्याने तिची आठवण काढली असती तरी चाललं असतं.

सीझन अचानक संपला ते तुम्हाला नुसतं वाटलं नाही, तसंच झालं होतं. ५ नोव्हेंबर २००७ ला हॉलिवूडच्या लेखकांनी संप पुकारला, तो फेब्रुवारी २००८ पर्यंत चालला. २४ भागांचा सीझन ११ वर थांबला, डिसेंबरच्या सुरुवातीला शेवटचा भाग दाखवला. विषाणूची कुपी फुटते आणि साथ पसरते असा पुढचा बेत होता, पण संप होणार दिसल्यावर शेवट बदलला आणि पीटर कुपी झेलतो असं दाखवून गोष्ट बंद केली. केटलिनचा धागा मला वाटतं त्या न झालेल्या भागांमध्येच गेला. संप सुरू झाला त्याच सुमारास टिम क्रिंग यांनी जाहीरपणे मान्य केलं होतं की या सीझनचा वेग फार मंद झाला आणि हिरोला सतराव्या शतकातल्या जपानमध्ये फार दिवस ठेवलं. स्वतःची मालिका चालू असताना असं बोलणारे कमीच.

यावर आणखी एक सांगते, कारण त्याने खूप काही कळतं. क्रिंग यांचा मूळ विचार असा होता की दर सीझनला नवी माणसं आणायची. पण पहिल्या सीझनमधली माणसं लोकांना इतकी आवडली की त्यांना सोडता येईना. आता ज्यांची गोष्ट पूर्ण झालीये त्यांनाच परत उभं करायचं म्हणजे मेलेल्याला जिवंत करा, स्मृती घालवा, पॉवर काढा, परत द्या. पुढच्या गुंत्याचं खरं कारण हे आहे. पहिल्या सीझनचा गुंता वेगळ्या जातीचा होता, तो बांधतानाच कुठे सोडवायचा ते ठरलेलं होतं.

प्रश्न: इंटरनेटवर याचे कॉमिक्स पण होते म्हणे. ते वाचल्याशिवाय मालिका कळणार नाही का? – एक वाचक, नागपूर

कळेल. एनबीसी दर आठवड्याला कॉमिक टाकायचं, काही पात्रं मुख्यतः तिथेच वाढली, पण मालिकेतला कुठलाही मोठा धागा त्यावाचून अडत नाही. मालिकेत आयझॅकची म्हणून जी चित्रं दिसतात ती मात्र बघत राहा, ती टिम सेल या नावाजलेल्या कॉमिक्स चित्रकाराने काढलेली आहेत.

प्रश्न: ताई, चार सीझन आणि वर नंतरची अजून एक मालिका, एवढा वेळ नाही हो. कुठे थांबू? – एक वाचक, ठाणे

पहिल्या सीझनचे २३ भाग पूर्ण बघा, एकही सोडू नका, अगदी कंटाळा आला तरी निकीचे सीन पुढे ढकलू नका, शेवटी ती पण त्याच चौकात येऊन पोचते. तिथे गोष्ट एका अर्थाने पूर्ण होते, नेथनचा निर्णय बघून थांबलात तरी काही चुकल्यासारखं वाटणार नाही.

पण माणसांमध्ये जीव अडकला असेल तर मग सगळं बघायच्या ऐवजी एकच धागा धरा, नोआ (तोच चष्मेवाला) आणि क्लेअर, बाप आणि लेक. चारही सीझनमध्ये हा एकच धागा असा आहे की पॉवरचे नियम कितीही बदलले तरी तो खरा राहतो, लेकीला वाचवण्यासाठी खोटं बोलणारा बाप आणि खोट्याचा कंटाळा आलेली लेक. दुसऱ्या सीझनचे ११ भाग पटकन होतात. तिसऱ्याचा पूर्वार्ध, तो पॉवर देणारा फॉर्म्युला आणि पेट्रेलींच्या बापाचा भाग, फार पसरलाय, तिथे घाई केली तरी चालेल. उत्तरार्ध, जिथे सरकारच या लोकांना पकडायला लागतं, तो त्यापेक्षा बांधीव आहे. चौथ्यात ती जत्रा आणि तिचा मालक सॅम्युअल आहे, रॉबर्ट नेपर यांनी छान केलाय, आणि शेवटी क्लेअर सगळ्या कॅमेऱ्यांसमोर जे करते ते पहिल्या भागातल्या लपूनछपून केलेल्या व्हिडिओच्या बरोबर उलट आहे. पुढचा सीझन झाला नाही त्यामुळे त्यानंतर जगात काय झालं हे तेव्हा कळलं नाही.

२०१५ मध्ये आलेली १३ भागांची ‘हीरोज रिबॉर्न’ नोआ बेनेट आहे म्हणून बघता येईल, पण तिथे क्लेअर दिसणार नाही, ती भूमिका करणारी हेडन पॅनेटिअर त्यात नाही. तुम्ही बाप-लेकीसाठी बघत असाल तर ते आधी माहीत असलेलं बरं.